‘स्ट्राइक’चे गणगोत

गेल्या रविवारी विहारातल्या इंग्रजीच्या वर्गात आठवीतल्या एका पोराने आम्हांला उभ्या उभ्या गप्प केले. त्याचा प्रश्न असा : “सर, टीव्हीवर म्हणतात, अमका फलंदाज स्ट्राइकवर आहे. म्हणजे तो खेळतोय. आणि आमचे आजोबा म्हणतात, आम्ही गिरणीत असताना स्ट्राइकवर होतो. म्हणजे ते काम करत नव्हते. मग स्ट्राइक म्हणजे काम करणे की काम न करणे ?”

वर्गात हशा पिकला. “इंग्रजीत असेच असते, पाठ करून टाक,” असे आम्ही बोलून गेलो, आणि बोलल्याबरोबर आमचे आम्हांलाच टोचले. कारण शाळेत असताना याच शब्दाबद्दल हेच उत्तर आम्हांला मिळाले होते, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच. आधी शब्दाचे पाहू.

घरी आल्यावर कपाटावरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश खाली उतरवला, धूळ झटकली आणि चष्मा लावून बसलो. ‘स्ट्राइक’ हे क्रियापद एका रकान्यात आटपतच नाही. घड्याळाने ठोके दिले, स्ट्राइक. काडेपेटीवर काडी ओढली, स्ट्राइक. झाडावर वीज पडली, सापाने दंश केला, टाकसाळीत नाणे पाडले, दोघांत सौदा जुळला, जमिनीखाली तेल लागले, एकाएकी डोक्यात विचार आला, या सगळ्यांना एकच क्रियापद. कॅरमच्या सोंगट्या ज्याने मारायच्या तो स्ट्रायकर, फुटबॉलमध्ये गोल करणारा गडीही स्ट्रायकर. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तर फलंदाजाचा फटका हुकला तरी त्याच्या नावावर एक ‘स्ट्राइक’ चढतो. मारला नाही म्हणून मारला ! हे वाचल्यावर आम्ही कोश क्षणभर मिटून ठेवला आणि चहा घेतला.

परंतु शब्दाचे मूळ वाचले तेव्हा गुंता बराच सुटला. हजार वर्षांमागच्या इंग्रजीत हा शब्द ‘स्ट्रीकन’ असा होता आणि त्याचा अर्थ मारणे असा नव्हताच. हलकेच हात फिरवणे, चोळून गुळगुळीत करणे, पृष्ठभागावरून सरकत जाणे, हा त्याचा अर्थ. ‘स्ट्रोक’ हा त्याचाच सख्खा भाऊ. म्हणूनच मांजराला गोंजारतात तोही स्ट्रोक आणि बॅटचा फटका तोही स्ट्रोक. ‘स्ट्रीक’ म्हणजे रेघ किंवा पट्टा, तीही याच घरातली. जर्मन भाषेत याचा चुलतभाऊ ‘श्ट्रायशेन’ अजून नांदतो. हात फिरवणे, पावाला लोणी लावणे, भिंतीला रंग देणे, लिहिलेले खोडणे आणि जहाजाचे शीड उतरवणे, एवढी सगळी कामे तो करतो. ही शेवटची दोन कामे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

इंग्लंडच्या खेड्यांत धान्य मापताना मापावर आलेली रास सपाट करण्यासाठी एक काठी फिरवीत. त्या काठीचे नावही स्ट्राइक, आणि तसे सपाट भरलेले मापही स्ट्राइक. हे वाचताना आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. मापावरची रास म्हणजे आपल्याकडची शीग. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना तळहात फिरवून सपाट करून द्यायचे, असे एकाच घरचे एकच माप आजीने बलुत्याच्या धान्याला पाहिले होते. तिच्या पदरात पडायचे ते स्ट्राइकचे माप. तिला इंग्रजी येत नव्हते, पण हा अर्थ तिला पक्का ठाऊक होता.

हलके हात फिरवणे जोरात झाले की त्याचा तडाखा होतो. मध्ययुगापर्यंत मारणे हा अर्थ चांगलाच रुळला. अचानक येणारे आजारपण हा दैवाचा फटका मानला जाई, म्हणून लकव्याला आजही डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात. आपणही ‘झटका आला’ म्हणतोच.

आता कामगारांचा स्ट्राइक. त्याचा जन्म गिरणीत झाला नाही, तर बंदरात झाला. जहाजावर शीड खाली घेण्याला ‘स्ट्राइक’ म्हणण्याचा प्रघात होता. इ. स. 1768 साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीच्या प्रश्नावरून जहाजांची शिडे उतरवली आणि जहाजे हलू देईनात. शीड खाली आले की जहाज जागच्या जागी. तेव्हापासून काम थांबवण्याला हे नाव पडले. पुढे कापडाच्या गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या आणि खलाशांचा शब्द साऱ्या कामकऱ्यांचा झाला. गंमत अशी की लढाईत जहाजाचा झेंडा उतरवणे यालाही ‘स्ट्राइक’च म्हणत, आणि त्याचा अर्थ शरणागती. झेंडा उतरवला तर शरण गेला, शीड उतरवले तर शरण जायचे नाकारले. दोन्ही वेळा दोर ओढणारे हात त्याच खलाशांचे.

हे सारे वाचून इंग्रजी ही वेड्यांची भाषा आहे असे कुणी म्हणेल. आमच्या वर्गातली मुलेही म्हणतात. तेव्हा आम्ही त्यांना आपले ‘मारणे’ फळ्यावर लिहायला लावतो. हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, दांडी मारतो, फेरी मारतो, शिक्का मारतो, गवंडी भिंतीवर पाणी मारतो, साहेब कागदावर सही मारतात. यात मार कुणालाच बसत नाही. एखाद्या इंग्रजाने मराठी शिकताना ‘मिठी मारली’ हे शब्दकोश पाहून लावायचे ठरवले, तर तो पोलिसांत वर्दी द्यायला जाईल.

आणखी पुढे जाऊ. आपल्या सोलापुरात एकाच गिरणीच्या फाटकावर या गोष्टीला किती नावे होती पाहा. मराठी कामगार संप म्हणे, तेलुगू बोलणारा सम्मे म्हणे, कानडी मुष्कर म्हणे आणि उर्दू बोलणारा हडताल. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून ही चार भाषांची माणसे एकाच भोंग्यावर आत जात आणि एकाच भोंग्यावर बाहेर पडत. संप म्हणजे काम संपवणे असे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटते. पण शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा, जूट. इंग्रजी शब्द सांगतो काय केले ते : शीड उतरवले. आपला शब्द सांगतो कशाच्या बळावर केले ते. आम्हांला आपला शब्द अधिक आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

हरताळ हा शब्द तर फारच नामी. बाजार बंद ठेवणे हा जो हरताळ, तो हट्ट म्हणजे बाजार आणि त्याला लावलेले टाळे यांतून आला. पण मराठीत दुसराही एक हरताळ आहे. तो पिवळ्या रंगाचा विषारी खनिज पदार्थ. पोथ्या हाताने लिहीत त्या काळी चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हा पिवळा हरताळ फाशीत आणि अक्षर झाकून टाकीत. ‘आश्वासनाला हरताळ फासला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो ते यावरून. म्हणजे पाहा, इंग्रजीत एकाच मुळातून ‘काम बंद करणे’ आणि ‘लिहिलेले खोडणे’ असे दोन अर्थ फुटले. मराठीत दोन निराळ्या मुळांचे दोन शब्द चालत चालत आले आणि एकाच रूपात भेटले. काम बंद करणारा हरताळ आणि नाव पुसणारा हरताळ.

गिरणी कामगाराच्या आयुष्यात या दोन अर्थांमध्ये फार अंतर नसे. पहिला स्ट्राइक त्याच्या हातात, दुसरा मालकाच्या.

पहिल्या स्ट्राइकवर बाबासाहेबांनी केलेला युक्तिवाद आजही समजून घेण्याजोगा आहे. 1938 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. काही परिस्थितींत संप बेकायदा ठरवून संप करणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद त्यात होती. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कामावर न जाणे हा फार तर कराराचा भंग, तो दिवाणी बाब आहे, गुन्हा नव्हे. माणसाच्या मनाविरुद्ध त्याला कायद्याने कामाला जुंपणे म्हणजे गुलाम करणे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. त्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांना बरोबर घेऊन 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप केला.

पण याच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या गिरणी संपात पुढाऱ्यांना रोखठोक प्रश्न विचारला होता, हे विसरता कामा नये. विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नाही. कारण काय ? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे ओठ लागलेला धोटा बाकीच्या विणकऱ्यांना चालत नव्हता. मालकाच्या गिरणीत मालकाविरुद्ध एक व्हायचे, आणि धोट्यापाशी आले की वेगळे व्हायचे. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मागण्यांत घालणार असाल तरच आमची माणसे संपात, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना ती मागणी घातली. संप या शब्दातली जूट पुरी व्हायला तेवढे एक कलम कमी पडत होते.

आता दुसरा स्ट्राइक. ही आमच्या घरची हकीकत.

1992 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही नववीत होतो. आमचे चुलते, ज्यांना सारी गल्ली तात्या म्हणे, ते इथल्याच एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात कामाला होते. 14 वर्षांची नोकरी झाली होती. त्यांना कावीळ झाली. महिनाभर खाटेवर. रजेचा अर्ज एका सोबत्याबरोबर पाठवला होता, तो पोचला की नाही देव जाणे. एके दिवशी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. इंग्रजी टाइप केलेले. घरात इंग्रजी वाचणारे एकटे आम्ही. शेजारपाजारचे जमले. तात्या उठून भिंतीला टेकून बसले. म्हणाले, “वाच रं पोरा, काय म्हनत्यात सायेब ?”

पत्रातले एक वाक्य आम्हांला अजून पाठ आहे. ‘युअर नेम विल बी स्ट्रक ऑफ द मस्टर रोल.’ सात दिवसांत खुलासा न आल्यास, असे त्याच्या आधी होते. आम्ही वर्गात क्रियापदांचा तक्ता पाठ केलेला. स्ट्राइक, स्ट्रक, स्ट्रक : संप करणे. तक्त्यात एवढेच लिहिलेले होते. मागे एकदा आम्ही मास्तरांना विचारलेही होते, की धड्यात घड्याळ स्ट्राइक करते ते कसे ? तेव्हा ते म्हणाले होते, इंग्रजीत असेच असते, पाठ कर. ऑफ म्हणजे बंद, हे दिव्याच्या बटणावरून माहीत. मस्टर म्हणजे हजेरी. आम्ही छाती पुढे काढून अर्थ सांगितला : “तात्या, तुम्ही संपात होता म्हणून तुमची हजेरी बंद करणार आहेत. सात दिवसांत उत्तर मागितलंय.”

तात्या थक्क झाले. “मी कुठला संपात ? मी खाटंवर हुतो की !”

दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसताना ते गिरणीच्या फाटकावर गेले. डॉक्टरांचा दाखला घरात पेटीत होता. तो त्यांनी नेला नाही. आरोप संपाचा आहे, आजाराच्या कागदाचे काय काम, असा त्यांचा हिशेब. आमच्या अर्थाप्रमाणे तो हिशेब बरोबरच होता. दाखल्याऐवजी त्यांनी दोन साक्षीदार नेले, तात्या कुठल्याही संपात नव्हते असे सांगायला. फाटकावरच्या बाबूने विचारले, संप ? इथे संप केव्हा झाला ? तो हसला आणि युनियनकडे जा म्हणाला. युनियनचे सेक्रेटरी परगावी गेलेले. ते आले आठव्या दिवशी. त्यांनी पत्र वाचले आणि कपाळाला हात लावला. “अहो, संपाचा काय संबंध ? गैरहजर राहिलात म्हणून नाव कापणार असं लिहिलंय. दाखला कुठाय ?” नवव्या दिवशी दाखला घेऊन गेले तेव्हा मस्टरवर नावावरून रेघ ओढून झाली होती.

तात्या पुढे यंत्रमागावर गेले. जेवढे कापड तेवढी मजुरी, आजारी पडले तर काहीच नाही. त्यांनी आम्हांला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. उलट दहावीला इंग्रजीत 68 मार्क पडले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. ते पेढे आमच्या घशाखाली उतरले नाहीत.

बी.कॉम. झाल्यावर आम्ही कामगारांच्या अर्जविनंत्या लिहून देऊ लागलो तेव्हा एक गोष्ट वाचनात आली. दिल्ली क्लॉथ अँड जनरल मिल्सच्या एका कामगाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच निर्णय दिला होता, की व्यवस्थापनाने हजेरीपटावरून नाव खोडणे म्हणजे नोकरी संपवणे, आणि ती 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कामगारकपातच धरली जाईल. म्हणजे नुसती रेघ ओढून भागत नव्हते. त्या कायद्यात कपातीआधी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार देण्याची अट होती. आम्ही कारकून. लगेच कागद घेऊन गुणाकार केला. 14 गुणिले 15, 210 दिवसांचा पगार. तात्यांचे पत्र आले तेव्हा हा निकाल 15 वर्षांचा जुना झाला होता. तो फाटकावरच्या बाबूला ठाऊक नव्हता, युनियनच्या सेक्रेटरीलाही नसावा. आणि आम्ही तर ‘ऑफ’चा अर्थ दिव्याच्या बटणावरून लावत होतो.

हे आम्ही तात्यांना सांगितले ते 1999 साली, एका संध्याकाळी यंत्रमागाच्या शेडबाहेर. चूक आमची होती असेही सांगितले. सात वर्षे ते वाक्य तोंडात घोळत होते. तात्यांनी तंबाखू मळली, आणि म्हणाले, “तू नववीत हुतास रं. ज्यानं लिवलं त्यो तर शिकल्याला हुता न्हवं ? माझं नाव कापायचं हुतं तर मला कळंल असं लिवायला त्याला काय धाड भरली हुती ?”

आमच्या कचेरीत खाडाखोडीचा एक नियम आहे. चुकीची नोंद खरवडायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला रेघ मारणाराची सही पाहिजे. रोज दहा वेळा आम्ही अशी रेघ मारतो. प्रत्येक वेळी नाही, पण कधी कधी हात थबकतो.

ते रजिस्टर पत्र आम्ही जपून ठेवले आहे. घडीवर चिरले आहे, टाइपाची शाई विटली आहे. येत्या रविवारी ते वर्गात नेणार आहोत. आठवीतल्या त्या पोराला आधी त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊ : क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर असलेला म्हणजे ज्याची चेंडू मारण्याची पाळी आहे तो, आणि आजोबांचा स्ट्राइक म्हणजे खलाशांनी उतरवलेले शीड. मग ते पत्र त्याच्या हातात देऊ आणि मोठ्याने वाचायला सांगू. ‘स्ट्रक’पाशी तो अडखळला तर अडखळू देऊ. मागचापुढचा शब्द पाहा, एवढेच सांगू.

ज्या वाचकांकडे बँकेचे, विमा कंपनीचे, कारखान्याचे किंवा शाळेचे असे न उलगडणारे इंग्रजी पत्र आले असेल त्यांनी रविवारी सकाळी वर्ग सुटल्यावर ते घेऊन यावे. सोबत असतील नसतील ते सगळे दाखले आणावेत. पत्रात ‘चार्ज’ हा शब्द असेल तर जरूर आणावे. पुढच्या खेपेला त्याचीच पाळी आहे, आणि तो स्ट्राइकपेक्षाही लबाड आहे.